बायपोलर: लिथियम बंद झाल्यापासून गाडी रुळावर येत नाही, अनुभव हवेत

कोयनाकाठ:

नमस्कार. बरेच महिने इथे नुसता वाचत होतो, लिहितोय आज पहिल्यांदा. वय ३६, कऱ्हाडला थोरल्या भावाबरोबर हार्डवेअरचं दुकान. घरी आईवडील, बायको, पाचवीतली मुलगी.

बायपोलरचं (कधी नैराश्य, कधी टोकाची तेजी) निदान होऊन आठ वर्षं झाली. सुरुवात नैराश्याने झाली, घरच्या डॉक्टरांनी त्याची गोळी दिली. तीन आठवड्यांत बरा झालो. इतका बरा झालो की पहाटे तीनला दुकान उघडून नटबोल्ट मापाप्रमाणे बरण्यांत भरत बसायचो. मग दोन टेम्पो पीव्हीसी पाइप उधारीवर मागवले. भाऊ ते पुढची दीड वर्षं विकत होता. अजून काढतो तो विषय. चेष्टेतच, पण काढतो. नंतर सायकियाट्रिस्टनी सांगितलं की बायपोलर असताना मूड धरून ठेवणारं औषध नसेल आणि नुसती नैराश्याची गोळी चालू केली, तर माणूस कधीकधी असा उडतो.

मग मूड धरून ठेवणारं लिथियम, रोज ९०० मिलिग्रॅम. हात थोडे थरथरायचे, चहा बशीत सांडायचा, सारखी तहान आणि सारखी लघवी. पण सात वर्षं मी माणसांत होतो.

गेल्या आषाढीला वडिलांबरोबर लोणंदपासून वारीत चाललो. पाणी मुद्दाम कमी प्यायलो, दर अर्ध्या तासाला आडोसा कुठे शोधायचा म्हणून. पाय भरून आले तेव्हा दिंडीतल्या एकाने आयब्युप्रोफेनची गोळी दिली. छान वाटलं, म्हणून दोन दिवसांत पाच-सहा घेतल्या. फलटणच्या पुढे गेल्यावर उलट्या, जुलाब, जीभ जड, चालताना झोकांड्या. लोकांना वाटलं पिऊन आलाय. माळ घातलेल्या बापासमोर! दवाखान्यात नेलं, लिथियमची लेव्हल १.९ निघाली. एरवी माझी ०.७ असायची.

त्यातून वाचलो. पण माझे जुने डॉक्टर तोवर निवृत्त झाले होते. नव्यांनी लिथियम बंद करून क्वेटियापिन दिलं. त्याला आता अकरा महिने झाले. वजन ७१ चं ८३. सकाळी नऊशिवाय डोळा उघडत नाही, शटर रोज भाऊ उघडतो. आणि इतकं करून मूड जागेवर नाहीच. दिवाळीत आठ दिवस चार-चार तास झोप आणि गिऱ्हाइकांशी भांडणं. फेब्रुवारी सगळा अंथरुणात. आता नवीनच, दुपारी रडू येतं, संध्याकाळी ठीक, रात्री चिडचिड. डॉक्टरांकडे गुरुवारी नंबर लावून, तीन तास बसून पाच मिनिटं मिळतात, त्यात मी ‘बराय’ म्हणतो आणि ते डोस वाढवतात.

भाऊ म्हणतो सगळ्या गोळ्या सोड, एकदा काय ते होऊन जाऊ दे. बायको काही म्हणत नाही, त्याची जास्त भीती वाटते.

लिथियमचा त्रास होऊन गेल्यावर कुणी परत चालू केलंय का? मूड असा तासातासाला बदलतो, तो बायपोलरच असतो का? आणि त्या पाच मिनिटांत डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं? वारी परत तोंडावर आलीय, वडील रोज विचारतात.

निसर्गप्रेमी६२:

मन खंबीर करा. पहाटे उठून चाला. आमच्या वेळी असले आजार नव्हते.

ठाण्याची_लेक:

काका, तुमच्या वेळीही होते. माझ्या आजीला ‘वारं लागलंय’ म्हणून माडीवर कोंडून ठेवायचे, आजाराचं नाव तेवढं घेत नसत.

कोयनाकाठ, माझी आई पंचवीस वर्षं बायपोलर आहे. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे घरातलं शहाणपण समजा. पहिलं, भावाचं ऐकून गोळ्या एकदम सोडू नका. आईने एकदा बरं वाटतंय म्हणून लिथियम असंच सोडलं. दीड महिन्यात ती गावातल्या अनोळखी लग्नांत आहेर वाटत फिरत होती.

तासातासाचं म्हणाल तर आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असं, की बायपोलरचा झटका दिवसांच्या हिशेबात असतो. तेजी निदान चार दिवस टिकते, मोठी असेल तर आठवडा. नैराश्य दोन आठवडे तरी. म्हणजे तुमची दिवाळी आणि फेब्रुवारी त्यात बसतात. दुपारचं रडू कशामुळे, ते वेगळं तपासावं लागेल. थायरॉइड शेवटचं कधी बघितलं? लिथियमने ते कधीकधी मंदावतं. आईचं झालं होतं आणि आम्ही ते सहा महिने नैराश्यच समजत होतो.

पाच मिनिटांसाठी आम्ही कालनिर्णय वापरतो. दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकोनात दोन आकडे: किती तास झोपली, आणि उणे तीन ते अधिक तीनमध्ये मूड. डॉक्टरांसमोर पान ठेवायचं, बोलायचं नाही. आई पण विचारलं की ‘बराय’च म्हणते.

शिवाय ती बरी असतानाच ठरवून ठेवलंय, की सलग दोन रात्री पाच तासांच्या आत झोप झाली तर मी डॉक्टरांना फोन करणार आणि एटीएम कार्ड माझ्याकडे येणार. तिच्या सहीचा कागद आहे तसा. हे बायकोशी बोलून बघा, त्यांना कदाचित कुणी विचारण्याचीच वाट असेल.

एक सरळ विचारते. फेब्रुवारीत जगू नये असं वाटलं होतं का? परत वाटलं तर गुरुवारच्या नंबराची वाट बघू नका, घरात सांगा, आणि १४४१६ वर फोन करा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलतात.

नळीवाला:

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, रक्तापुरतंच बोलतो. तुमचं १.९ कसं झालं ते आधी समजून घ्या. किडनीला लिथियम आणि मीठ यांतला फरक नीट कळत नाही. घामाने मीठ-पाणी कमी झालं की ती मीठ धरून ठेवते, त्याबरोबर लिथियमही धरते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी ते बाहेर पडणं आणखी कमी होतं. नेहमीची लेव्हल ०.६ ते १ च्या दरम्यान, दीडच्या वर गेलं की विषबाधेची लक्षणं दिसायला लागतात. फार अरुंद वाट आहे. म्हणजे औषधाने दगा दिला असं मला तरी वाटत नाही, वारीत कसं घ्यायचं हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. अंगदुखीला पॅरासिटामॉल चाललं असतं. निर्जळी उपासातही लेव्हल अशीच चढू शकते.

परत चालू करायचं का, ते डॉक्टर ठरवतील. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि टीएसएच (थायरॉइडची) ताजे घेऊन जा, त्याशिवाय कुणी हात घालणार नाही. आणि पुढे कधी लेव्हल केलीत तर शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनीच रक्त द्या. सकाळची गोळी गिळून येणारे रोज दोन तरी भेटतात, आकडा उगाच फुगतो आणि डोस उगाच कापला जातो.

ठाण्याची_लेक:

हो, आणि क्वेटियापिन रात्री किती वाजता घेता? आईला अकराला घेतलं की सकाळ जायची. डॉक्टरांना विचारून आठला केलं, फरक पडला.

कोयनाकाठ:

दोघांचे आभार. गोळी बाराला घेतो, टीव्ही संपल्यावर. हे कुणी विचारलंच नव्हतं.

फायली काढल्या. शेवटचं टीएसएच अडीच वर्षांपूर्वीचं आहे. आज रक्त देऊन आलो, रिपोर्ट सोमवारी.

ताई, तुमच्या सरळ प्रश्नाचं उत्तर: हो, वाटलं होतं. काल रात्री बायकोला सांगितलं. तिला माहीत होतं. विहिरीवरची मोटर चालू करायला तिने महिनाभर मला एकट्याला जाऊ दिलं नव्हतं, ते मला आत्ता कळलं. आता १४४१६ तिच्या फोनमध्ये पहिल्या नंबराला आहे.

वडिलांना सांगितलं, या वर्षी चालत नाही, वाखरीला गाडीने येतो. ते गप्प बसले, मग म्हणाले टोपी घालून ये.

कालनिर्णय सुरू केलंय. मुलगी विचारत होती, बाबा, उणे दोन लिटर दूध कसं घेतात.

गुरुवारी भाऊ बरोबर येतोय. त्याला ते मिठाचं आणि किडनीचं वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, डॉक्टरांना पाइपांचं मी सांगतो, तू कमी करून सांगशील.