स्पाइक गार्ड होता, बटनही बंद होतं, तरी शिलाई मशीनची मोटर गेली. असं कसं?

सुईदोरा_सत्तरी

नमस्कार मंडळी. मी गोव्यात वाळपईच्या थोडं आत राहते, घरीच शिवणकाम करते. दोन वर्षांपूर्वी पायाची मशीन माळ्यावर टाकली आणि सर्वो मोटरवाली घेतली. तिच्या कंट्रोल बॉक्सला व्होल्टेजची भीती असते म्हणून दुकानदाराने सांगितला तसा स्पाइक गार्डही (व्होल्टेजचा झटका अडवतो म्हणून विकतात तो प्लगचा बोर्ड) घेतला, लाल दिवावाला.

मिरग लागायला आठ दिवस असतील. संध्याकाळी आभाळ काळं झालं तशी मी मशीन बंद केली, भिंतीवरचं बटनही बंद केलं आणि वाळत घातलेली आमसुलं आत घ्यायला अंगणात पळाले. तेवढ्यात मागच्या कुळागरात (नारळ-पोफळीच्या बागेत) कुठेतरी वीज पडली. उजेड आणि आवाज एकदमच. मीटरच्या पेटीतून 'टक्क' असं काहीतरी ऐकू आलं.

नंतर बघते तर मोटरचा बॉक्स मेलेला, राउटर मेलेला, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स मेलेला. फ्रिज, पंखे, इन्व्हर्टर ठीक. आणि स्पाइक गार्डचा लाल दिवा? तो अजून पेटतोय! बघितला की डोकंच फिरतं. अकरा ब्लाउज कापून पडलेत, त्यातला एक नवरीचा.

आमच्या वायरमनने मीटर लावून दाखवलं, फेज आणि अर्थिंगमध्ये बरोबर २३०, म्हणजे अर्थिंग चांगलं आहे म्हणाला. आता कोणी म्हणतं स्टॅबिलायझर घे, कोणी म्हणतं मशीन इन्व्हर्टरवर घे, भाचा एसपीडी (विजेचा झटका अर्थिंगकडे सोडणारा, बोर्डात बसणारा भाग) म्हणतोय. नवीन बॉक्स लावायच्या आधी नक्की काय करू?

बोरीकर_७

ताई, नशीब म्हणायचं, दुसरं काय. माझ्याकडे तोच लाल दिव्याचा स्पाइक गार्ड दहा वर्षं आहे, आजवर काही झालं नाही. चांगला स्टॅबिलायझर घ्या आणि निर्धास्त राहा.

जुना_सोल्डर

ताई, मी फोंड्याला ३१ वर्षं टीव्ही दुरुस्त करतो. पावसाच्या आधीचे पंधरा दिवस आणि परतीच्या पावसातले पंधरा दिवस माझ्या टेबलावर जागा नसते, तेव्हा तुमची गोष्ट मला पाठ आहे.

आधी एक विचारतो. आवाज होण्यापूर्वी किंवा नंतर बल्ब जास्त पेटले का, पंखा जोरात फिरला का? नसेल तर हे विजेचंच काम. हो असेल तर न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) तुटला. हे दोन वेगळे आजार आहेत आणि लोक दोन्हींना एकच औषध घेतात. माडाचं चुडत (झावळी) तारांवर पडून न्यूट्रल तुटला की तीन फेजवरची घरं एकमेकांत अडकतात. एका घरात दिवे मंद होतात, शेजारी ३५० व्होल्टच्या वर जातात. हे मिनिटं चालतं. असा टीव्ही उघडला की पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर डोकं फुगवून किंवा फुटून बसलेला असतो, खोलीत वास असतो. कारण २३० व्होल्ट सरळ केल्यावर ३२५ होतात आणि कपॅसिटर असतो ४०० किंवा ४५० चा. विजेचा झटका मात्र सेकंदाचा लाखावा हिस्सा असतो. तिथे कपॅसिटर बघाल तर गुळगुळीत, आणि शेजारच्या चिपला टाचणीच्या टोकाएवढं भोक. कधी बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त एचडीएमआयचं भोक मुकं झालेलं.

आता स्पाइक गार्ड. तो लाल दिवा फक्त 'वीज आली आहे' एवढंच सांगतो. आत असते एक निळी किंवा पिवळी गोल टिकली, शर्टाच्या बटनाएवढी. तिला आम्ही एमओव्ही म्हणतो. एरवी ती गप्प असते, व्होल्टेज चढलं की वाट उघडून देते. २७५ व्होल्टची टिकलीसुद्धा मोठा झटका आला की ७०० च्या आसपास धरते, तेवढं तरी आत जातंच. प्रत्येक झटक्यात ती थोडी झिजते आणि एक दिवस मरते, दिवा मात्र पेटत राहतो. बोरीकर, तुमची दहा वर्षांची टिकली जिवंत आहे की नाही हे तुम्हाला उघडून बघितल्याशिवाय कळणार नाही. स्वस्त मालात तर ती नसतेच, मी उघडून बघितलेत, आत नुसत्या पितळेच्या पट्ट्या.

आणि टिकली जिवंत असली तरी झटका सोडायला जागा पाहिजे. वीज जवळ पडली की फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारांवर एकत्र चढते. तिला उतरायला तिसरी वाट लागते, ती अर्थिंगची. ती नसेल तर झटका तुमच्या वस्तूतून वाट काढतो. सेट-टॉप बॉक्सला छत्रीची (डिशची) केबल होती, मशीनचा लोखंडी पाया ओल्या लादीवर होता, त्याच वाटा झाल्या असाव्यात.

म्हणून तुमच्या वायरमनचे ते २३० मला पटत नाहीत. मल्टीमीटर जवळजवळ करंटच ओढत नाही, त्यामुळे गंजलेलं, अर्धमेलं अर्थिंगसुद्धा त्याला चांगलंच वाटतं. जुने लोक फेज आणि अर्थिंगमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून बघायचे. (हे तुम्ही करू नका. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं बटन, असेल तर ट्रिप होईल, नसेल आणि अर्थिंग खराब असेल तर इतर वस्तूंच्या अंगावर करंट येईल.) अर्थ टेस्टर असलेला माणूस बोलवा, अर्थिंगचा विरोध किती ओहम ते कागदावर घ्या. आपली जमीन जांभ्याची. हा चिरा (जांभा दगड) मे महिन्यात कोरडा ठणठणीत, आणि विजा नेमक्या तेव्हाच. अर्थिंगचा खड्डा चिऱ्यात खणून दोन किलो मीठ टाकलं की झालं, असं नसतं. मार्चपासून खड्ड्यात पाणी घाला, पोफळींना शिंपता तसंच.

बटन बंद होतं म्हणालात. त्या बटनाने फक्त फेज तुटतो, न्यूट्रल लागलेलाच, आणि आतली फट दोन-तीन मिलिमीटरची. एवढ्या लांबून आलेल्या विजेला ती फट म्हणजे काय! प्लग ओढून काढा, छत्रीची केबलसुद्धा. पण गडगडाट सुरू व्हायच्या आधी. डोक्यावर विजा चालू असताना वायरींना हात लावू नका, मशीनपेक्षा तुम्ही महाग.

स्टॅबिलायझर कमीजास्त व्होल्टेजसाठी चांगला, पण त्याचा रिले (आतलं आपोआप हलणारं बटन) हलेपर्यंत वीज येऊन गेलेली असते. घरातला साधा इन्व्हर्टर लाइट असताना बाहेरचीच वीज सरळ पुढे सोडतो. तेव्हा त्यावर मशीन घेऊन काही फायदा नाही.

भाच्याचं बरोबर आहे. पण आधी अर्थिंग, मग एसपीडी, हा क्रम उलटा करू नका. मेन बोर्डात टाइप २ चा बसवा. त्याच्या अंगावर ८/२० (चाचणीच्या झटक्याचा चढउतार, मायक्रोसेकंदांत) आणि २० केए, ४० केए (किती हजार अँपिअरचा झटका झेलतो ते) असं छापलेलं असतं, आणि छोटी खिडकी असते, हिरवी म्हणजे जिवंत, लाल म्हणजे आतली कांडी बदला. आपल्याकडे घराचं अर्थिंग वेगळं असतं, म्हणून न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मधला भागही त्यात असलेलाच घ्या. जोडणीच्या तारा सगळ्या मिळून अर्ध्या मीटरच्या आत. वायरमन सुबक दिसावं म्हणून तार वळसे घालून नेतात, तिथेच सगळं वाया जातं. न्यूट्रलच्या आजारासाठी त्याच बोर्डात ओव्हरव्होल्टेज रिले, २७० च्या आसपास तोडणारा.

थेट घरावरच पडली तर यातलं काही पुरत नाही, तेही सांगून ठेवतो.

पर्वरी_चौथा_मजला

सोल्डरकाका, आमच्या इमारतीत खाली पॅनलला एसपीडी आहे, तरी गेल्या ऑक्टोबरमध्ये गेटवरच्या कॅमेऱ्याचा रेकॉर्डर गेला. गेटपासून लांब लॅनची (नेटवर्कची) वायर मातीतून आली आहे, तिकडूनच शिरली म्हणे. आता तेवढा तुकडा फायबरचा केला. काचेतून वीज येत नाही. सुईदोराताई, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप फोनवर घ्या, जवळ विजा पडू लागल्या की सांगतं. आमचा वॉचमन त्यावर प्लग काढतो.

बोरीकर_७

उघडला. पितळेच्या पट्ट्या. बाकी काही नाही. 😐

सुईदोरा_सत्तरी

सोल्डरकाका, बल्ब जास्त पेटले नव्हते. टेस्टर असलेला माणूस डिचोलीहून आणला. त्याने खड्ड्याकडचं टोक सोडवून बघितलं, खड्डा तसा बरा निघाला. पण बोर्डाकडून येणारी तार खड्ड्यापर्यंत पोचतच नव्हती! चवथीच्या आधी अंगणात फरशी घातली तेव्हा कामगाराच्या कुदळीने ती तुटली, वर सिमेंट पडलं आणि कोणाला कळलंच नाही. तुटलेलं टोक तुळशीजवळच्या ओल्या मातीला टेकून होतं, म्हणून मीटर २३० दाखवत होता. म्हणजे जवळजवळ दोन पावसाळे आम्ही गीझर आणि वॉशिंग मशीन असंच वापरत होतो. सासूबाईंना गीझरच्या नळाला कधीतरी 'मुंग्या' येतात असं त्या म्हणायच्या, आम्ही वयाचं समजून हसायचो.

दोन फरश्या फोडून नवी तार टाकली. एसपीडी शनिवारी बसेल. नवा बॉक्स यायला चार दिवस, तोवर पायाची मशीन माळ्यावरून उतरवली, पट्टा वाळून कडक झाला होता, तेल घातलं, चालते. नवरीचा ब्लाउज तिच्यावरच शिवला.

एकच विचारायचं राहिलं. एसपीडीसाठी मेन बोर्डात जागा नाही, वायरमन म्हणतो दोन मीटरवर वेगळी पेटी लावतो. लावू देऊ का?

जुना_सोल्डर

नाही. दोन मीटर तार म्हणजे झटक्याच्या वेळी त्या तारेवरच हजार-दोन हजार व्होल्ट. पेटी बोर्डाला चिकटून लावायला सांगा, नाहीतर बोर्डच मोठा घ्या. आणि गीझर तपासल्याशिवाय सासूबाईंना नळाला हात लावू देऊ नका.