शब्दचर्चा : मुरलेली, जुनी की शिळी? कडक एलच्या चवीसाठी मराठी शब्द

विचारणा

मँचेस्टरच्या उत्तरेला मिडल्टन जंक्शन येथे जे. डब्ल्यू. लीज ही १८२८ साली सुरू झालेली आणि आजही त्याच घराण्याकडे असलेली ब्रूअरी, म्हणजे बिअर बनवणारा कारखाना, आहे. तेथे १९८६ पासून ‘हार्व्हेस्ट एल’ बनवली जाते (एल हा बिअरचाच एक प्रकार), तीही वर्षातून एकदाच. त्या वर्षीच्या नव्या पिकातले मॅरिस ऑटर जातीचे जव आणि ईस्ट केंट गोल्डिंग्ज हे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुले) तिच्यासाठी वापरतात. मद्यार्काचे प्रमाण ११.५ टक्के असते आणि बाटलीवर वर्ष छापलेले असते, कारण ही एल लगेच संपवण्यापेक्षा ठेवून पिण्यातच तिची खरी मजा आहे, असे तिचे चाहते मानतात. आम्ही काही मराठी मंडळी निरनिराळ्या वर्षांच्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवून चाखतो आणि प्रत्येकीविषयी मराठीत टिपण लिहितो.

अडचण काळाच्या शब्दापाशी येते. ‘परिपक्व’ लिहिले की पाठ्यपुस्तकाचा वास येतो, ‘जुनी’ लिहिले तर नुसते वय कळते, गुण कळत नाही आणि ‘शिळी’ लिहिले तर वाचणारा ग्लास बाजूलाच सारेल. ठेवल्यामुळे चांगली झालेली आणि ठेवल्यामुळे बिघडलेली, हा भेद एकेका शब्दात सांगता येईल का? (‘एल’ हा शब्द मी बिअरच्या वळणावर स्त्रीलिंगी धरला आहे.)

प्रतिसाद १

‘मुरलेली’ हा शब्द आपल्या हाताशीच आहे. लोणचे मुरते, म्हणजे नुसते जुने होत नाही. मीठ, तिखट आणि कैरी यांचा सवतासुभा संपून तिघांची मिळून एक चव होते. कडक एलमध्येही तेच घडते. ताज्या बाटलीत हॉप्सचा कडवटपणा, माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोडवा आणि मद्यार्काचा चटका हे तिन्ही आपापल्या जागी वेगळे उभे असतात आणि पाचसहा वर्षांनी त्यांना सुटे करून दाखवणे अवघड होते. माणसालाही आपण ‘मुरलेला’ म्हणतोच.

ओघाने एक गोष्ट सांगतो. ‘मुरंबा’ आणि ‘मुरब्बी’ हे शब्द ऐकायला ‘मुरणे’चे भाऊबंद वाटतात, पण ते दोन्ही फारसीमार्गे आलेले आणि मुळात वाढवणे, सांभाळणे या अर्थाच्या एकाच अरबी धातूवरचे आहेत. ‘मुरणे’शी त्यांचा संबंध केवळ ध्वनिसाम्याचा आहे.

प्रतिसाद २

‘मुरणे’ या क्रियेला आत शिरणारा पदार्थ लागतो, ही माझी हरकत आहे. पाणी जमिनीत मुरते, मीठ कैरीत मुरते. बंद बाटलीत काय कशात मुरणार? याच हार्व्हेस्ट एलचा काही भाग पोर्ट आणि शेरी या कडक वाइन, कॅल्व्हाडोस ही सफरचंदाची ब्रँडी आणि लागाव्हुलिन व्हिस्की यांच्या वापरलेल्या लाकडी पिंपांत ठेवून काढतात. तेथे लाकडात जिरलेले आधीचे मद्य खरोखर एलमध्ये उतरते, म्हणून ‘मुरलेली’ हा शब्द त्या पिंपांतल्या एलसाठी राखून ठेवावा.

प्रतिसाद ३

हरकत व्युत्पत्तीच्या अंगाने योग्य असली तरी वापर तिच्या पुढे गेला आहे. राजकारणात मुरलेल्या माणसात काय शिरले, हे कोणी विचारत नाही.

मी पुण्यात घरगुती बिअर बनवणाऱ्यांच्या स्पर्धांत परीक्षणाला बसतो, म्हणून त्या बाजूने लिहितो. बीजेसीपी या परीक्षक संस्थेच्या गुणपत्रिकेत ५० पैकी वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या पोताला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण असतात. ब्रिटिश कडक एलचे या संस्थेच्या वर्गीकरणात चार पोटप्रकार आहेत आणि त्यांतल्या ‘ओल्ड एल’ला तर वयाची छटा असणे हाच गुण मानला आहे. म्हणजे शब्द चुकला की निवाडाही चुकतो.

बाटलीत काय होते ते पाहू. हॉप्समधून आलेली कडू द्रव्ये वर्षागणिक विघटित होतात, म्हणून कडवटपणा मागे हटतो आणि गोडवा पुढे आल्यासारखा वाटतो. बुचाखालच्या थोड्याशा प्राणवायूने माल्टच्या आणि मद्यार्काच्या घटकांचे सावकाश ऑक्सिडीकरण होते, त्यातून खारीक, मनुका आणि शेरीसारखा वास येतो. हीच क्रिया फिक्या, हलक्या बिअरमध्ये झाली तर ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि परीक्षक तो निःसंकोच दोष म्हणून नोंदवतो. कारण एकच असूनही एकीला ‘मुरलेली’ आणि दुसरीला ‘शिळी’ म्हणावे लागते, कारण हे शब्द रसायनाचे नसून निवाड्याचे आहेत. इंग्रजीतही शिळेपणाचा आजचा शब्द, ‘स्टेल’, काही शतकांपूर्वी ठेवून निवळलेल्या, महाग एलचे कौतुक करणारा होता. पुढे तो घसरला.

बिघाडासाठी मात्र मराठीत शब्दांचा तोटा नाही. फक्त ते सैल हाताने वापरू नयेत. ‘खवट’ हा तेला-खोबऱ्याचा दोष आहे, तो पुठ्ठ्याच्या वासाला लावू नये. ‘कुबट’ म्हणजे ओल धरलेल्या बंद खोलीचा वास, तो बुरशी लागलेल्या बुचाला चपखल बसतो. ‘आंबूस’ म्हणजे आंबटपणाची नुसती चाहूल, ‘आंबलेली’ म्हणजे हाताबाहेर गेलेली. सर्वांत नेमका शब्द मला ‘कळकलेली’ हा वाटतो. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक राहिले की ते कळकते. बिअरला लोखंडाचा अंश लागून जी धातूची, जिभेच्या कडांना ओढ लावणारी चव येते, तिला माझ्या माहितीत याहून चांगला शब्द नाही. कल्हईवाले गेल्यामुळे तरुण परीक्षकांना तो समजावून सांगावा लागतो, एवढेच.

प्रतिसाद ४

आयुर्वेदात मद्याचे ‘नव’ आणि ‘जीर्ण’ असे दोन भेद आहेत आणि त्यांत जीर्ण मद्य श्रेष्ठ मानले आहे. शिवाय ‘यवसुरा’, म्हणजे जवाची सुरा, हा जुना शब्द आहे. इंग्रज ज्या कडक एलला ‘बार्ली वाइन’ म्हणतात तिला तो का वापरू नये? तिच्यात द्राक्ष नावालाही नसते, म्हणून ‘वाइन’ ठेवणे दिशाभूल करणारे आहे.

प्रतिसाद ५

‘जीर्ण’ आज वस्त्राला आणि देवळाला लागतो. जीर्ण एल म्हटले तर कोणी तिच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी मागायला येईल. ‘यवसुरा’ ऐकायला गोड आहे, परंतु तिच्यात हॉप्स नव्हते, त्यामुळे नाव एकीचे आणि वस्तू दुसरीची असा घोळ होईल. प्रकाराचे नाव ‘बार्ली वाइन’ असेच राहू द्यावे.

मला खटकतो तो ‘कडक’. महाराष्ट्रात ५ टक्क्यांच्या वरची बिअर ‘स्ट्राँग’ म्हणून विकली जाते आणि ती बहुधा लागर, म्हणजे एलहून वेगळ्या प्रकारची बिअर, असते, थंडगार पिण्याची. ‘कडक एल’ वाचून आपला वाचक तीच डोळ्यांपुढे आणणार. स्टॉकपोर्टच्या रॉबिन्सन्स या घराण्याच्या ब्रूअरीची ‘ओल्ड टॉम’ घ्या. १८९९ च्या नोंदवहीत ब्रूअरने तिच्याजवळ मांजराच्या तोंडाचे चित्र काढले आणि ते मांजर आजही लेबलावर आहे. मद्यार्क ८.५ टक्के असला तरी ती अंगावर येत नाही. ती फार गार केली तर वास दबतो, साधारण १२-१३ अंशांना छोट्या ग्लासात ती खुलते. तिला मी ‘भरदार’ म्हणेन. ‘कडक’ हा शब्द मद्यार्काचे प्रमाण सांगण्यापुरता ठेवावा.

मूळ विचारणा करणाऱ्याचे उत्तर

सर्वांचे आभार. ‘भरदार’ आणि ‘कळकलेली’ हे दोन्ही शब्द मी उचलले आहेत. ‘मुरलेली’ हा शब्द मी प्रतिसाद ३ मधल्या अर्थाने, म्हणजे बाटलीतल्या एलसाठीही, वापरणार आहे. पिंपातल्या एलसाठी ‘पिंपात मुरलेली’ असे स्पष्ट लिहिले की प्रतिसाद २ ची शंकाही फिटते. ‘गाळलेली एल’ असा प्रयोग आमच्या जुन्या टिपणांत होता, तो काढून टाकला आहे, कारण भट्टीवर गाळली जाते ती दारू, एल नव्हे.

नव्या शब्दांनी लिहिलेले एक टिपण परीक्षणासाठी ठेवतो : ‘रंग काकवीचा, उजेडात धरल्यास कडेला तांबूस. फेस थोडा आणि लवकर बसणारा. पहिला वास खारकेचा, ग्लास तळहातात जरा धरल्यावर मनुका आणि शेरी. घोट भरदार, जवळजवळ एकतारी पाकासारखा, पण गिळल्यावर टाळूला चिकटत नाही. कडवटपणा उशिरा येतो आणि गोडव्याला आवर घालण्यापुरताच राहतो. मद्यार्काचा चटका नाही, छातीत ऊब आहे. चांगली मुरलेली. पुठ्ठ्याचा अंश अगदी शेवटी, तोही शोधला तरच सापडणारा.’

या शेवटच्या वाक्यासाठी गुण कापावेत की नाहीत, यावर आमच्यात एकमत झालेले नाही. मी कापले नाहीत.

प्रतिसाद ६

मी एक गुण कापला असता. तुम्ही स्वतःच ‘अंश’ लिहिला आहे आणि गुणपत्रिकेवर लिहिलेला दोष गुणांत उतरलाच पाहिजे. बाकी टिपणात ‘ऊब’ आणि ‘चटका’ यांचा भेद नेमका पकडला आहे, तो तसाच ठेवावा.