अकरा हजार धावा, कसोटी शून्य: याला नशीब नाही तर काय म्हणायचं?

कट्ट्यावरचा_कीपर

2 नोव्हेंबर 2025 ला डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रशिक्षक अमोल मुजुमदारच्या फोटोखाली 'मेहनतीला फळ येतंच' छापाचे संदेश फिरायला लागले. माणसाबद्दल पूर्ण आदर आहे. वाद त्या निष्कर्षाशी आहे.

1993-94 च्या मोसमात मुंबईकडून रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध 260. पदार्पणातला तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. पुढे वीस वर्षं खेळून प्रथम श्रेणीत 11,167 धावा, 30 शतकं. आणि भारताकडून? एकही सामना नाही. ना कसोटी, ना एकदिवसीय.

आता त्याच पिढीतले दोघे घ्या. 1996 चा इंग्लंड दौरा. सिद्धूचं कप्तानाशी बिनसलं आणि तो दौरा टाकून घरी आला. मांजरेकर जायबंदी झाला. लॉर्ड्सला गांगुली आणि द्रविड यांना टोपी मिळाली, एकाने 131 केल्या, दुसऱ्याने 95. धावा त्यांच्याच बॅटमधून आल्या, मान्य. पण सिद्धूचा रुसवा काही त्यांनी नेटमध्ये घाम गाळून कमावला नव्हता! त्यानंतर दहा-बारा वर्षं मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण. मुजुमदारने बसायचं कुठे?

रणजीत मोठा मोसम काढणारा प्रत्येक जण घाम गाळतोच. त्या पायरीवर घामाचा भाव सगळ्यांचा सारखा. पुढचा फरक कशाने पडतो ते सांगा.

घामाचा_हिशेब

सांगतो. विनोद कांबळी. 1988 च्या हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत तेंडुलकरबरोबर 664 ची भागीदारी, त्यात याच्या नाबाद 349, म्हणजे सचिनपेक्षा जास्त. संधी लवकर मिळाली. 1993 मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतकं, इंग्लंडविरुद्ध 224 आणि झिम्बाब्वेविरुद्ध 227. 17 कसोटींत सरासरी 54.20. आणि शेवटची कसोटी वयाच्या तेविसाव्या वर्षी. नशिबाने आणखी काय द्यायचं होतं? शाळा तीच, गुरू तेच आचरेकर सर, मैदान तेच.

लक्ष्मणचंही बघा. सलामीला पाठव, मग काढ, मग परत बोलाव. त्याने 2000 मध्ये सिडनीला 167 केल्या आणि 2001 मध्ये ईडनवर 281, तेव्हा कुठे जागा पक्की झाली. जागा कुणी कुणाला करून देत नसतं हो, ती हिसकावावी लागते.

कट्ट्यावरचा_कीपर

281 काढायला आधी ईडनवर उतरावं लागतं, भाऊ. लक्ष्मणला ते 'काढ आणि परत बोलाव' तरी मिळालं. आणि कांबळीबद्दल एकच विचारतो. तेविसाव्या वर्षी चुका करणारी पोरं संघात दुसरी नव्हती का? कुणाच्या चुका पोटात घालायच्या आणि कुणाच्या नाही, हेही कुणीतरी ठरवतंच ना?

घामाचा_हिशेब

हे म्हणजे नापास झालो तर पेपर तपासणारा वाईट.

पार्कातले_आजोबा

पोरांनो, आपल्या मुंबईच्या पॅडी शिवलकरांचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं नवल वाटलं. मार्च 2025 मध्ये गेले. प्रथम श्रेणीत 589 बळी. 1972-73 चा रणजी अंतिम सामना चेपॉकला झाला, समोर तामिळनाडू, चेंडू हातभर वळतोय. शिवलकरांनी पहिल्या डावात 16 धावांत 8 आणि दुसऱ्यात 18 धावांत 5 घेतले. भारताची टोपी काही मिळाली नाही. कारण? डावखुरा फिरकी गोलंदाज एकच लागायचा आणि तो बिशनसिंग बेदी होता. तिकडे हरियाणाच्या राजिंदर गोयलचे 750 बळी, त्याचीही तीच गत.

या दोघांनी काय वेगळं करायला हवं होतं, ते घामवाल्यांनी सांगावं. उजव्या हाताने टाकायला हवं होतं का?

आणि गंमत म्हणजे शिवलकर मला कधी कडवट वाटले नाहीत. शिवाजी पार्कात पोरांना शिकवायचे. त्यांच्याकडे बघून यश-अपयश हा सगळा वादच मला थोडा पोकळ वाटतो, पण तो वेगळा धागा होईल.

घामाचा_हिशेब

आजोबा, तुमच्यापुढे काय बोलणार. पण शिवलकर-गोयल हे अपवाद आहेत. अपवादावरून पोरांना 'सगळं नशीब' शिकवलं तर सकाळी साडेपाचला मैदानावर येणार कोण?

सांगलीची_ऑफस्पिनर

काय शिकवलं तर फायदा होतो आणि खरं काय आहे, हे दोन निराळे प्रश्न आहेत. तुम्ही पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवताय.

मी शाळेत बरी ऑफस्पिन टाकायचे. आमच्या वेळी जिल्ह्याचा मुलींचा संघ उभा करायचा तर अकरा जणी जमवताना नाकी नऊ यायचे. बायकांचं क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली आलं 2006 मध्ये. सामन्याचं मानधन पुरुषांइतकं करायचं ठरलं ऑक्टोबर 2022 मध्ये, आणि डब्ल्यूपीएल, म्हणजे बायकांची आयपीएल, सुरू झाली 2023 मध्ये. स्मृती मानधना सांगलीत वाढलेली. तिच्या घरी वडील आणि भाऊ दोघंही खेळणारे, भावाच्या सरावाला जाता जाता ती खेळायला लागली. तिची मेहनत मी रतीभर कमी लेखणार नाही. पण माझ्या घरी बॅट म्हणजे फक्त धुणं बडवायचा धोपटणा होता.

तरीही मी याला नशीब म्हणणार नाही. 2006 चा निर्णय कुणीतरी घेतला, मानधनाचा ठरावही कुणीतरी केला. ते ठराव वीस वर्षं आधी झाले असते तर? ते का झाले नाहीत, याला जबाबदार माणसं होती. 'नशीब' म्हटलं की ती सगळी अलगद सुटतात. मुजुमदारचंही तेच. त्याला दैवाने नाही, निवड समितीने वगळलं. दरवर्षी, खोलीत बसून, चहा पीत.

निव्वळ_शक्यता

ताई, हा मुद्दा आवडला, पण पुरता पटला नाही. समितीने सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांना निवडलं यात चूक काय? चार जागा, पाच लायक माणसं. कुणीही घ्या, एक बाहेर. इथे दोषी कुणीच नाही.

आणि ज्याला आपण स्वतःची निवड म्हणतो तीही तपासा. सचिन आचरेकर सरांच्या सांगण्यावरून वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमात गेला, पार्काजवळ काका-काकूंकडे राहिला. निर्णय मोलाचाच होता, पण अकरा-बारा वर्षांच्या पोराने घेतला का तो? त्याला सरांकडे नेलं अजितने. तसा भाऊ मिळावा म्हणून कुणी काय मेहनत घेते?

मराठवाडा_एक्सप्रेस

आमच्याकडं भाऊ होता, काका-काकू पण होते. टर्फ विकेट, म्हणजे मातीची खेळपट्टी, नव्हती. मॅटवर खेळून ट्रायलला गेलो तर चेंडू कुठून येतोय तेच कळंना. तुमचं चालू द्या.

घामाचा_हिशेब

बरं, याच विश्वचषकातलं बोलू. शेफाली वर्मा मूळ संघातच नव्हती. घरी रडत न बसता देशांतर्गत टी-ट्वेंटी खेळत होती. बोलावणं आलं आणि अंतिम सामन्यात 87 धावा, वर दोन बळी, सामन्याची मानकरी. तयारी नसती तर ते बोलावणं काय कामाचं होतं?

कट्ट्यावरचा_कीपर

आणि ते बोलावणं आलं कशामुळे? बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना प्रतिका रावलचा पाय दुखावला म्हणून. प्रतिकाने स्पर्धेत 308 धावा केल्या होत्या, त्यात याच मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध शतक. तिच्या तयारीत काय उणं होतं? ती जल्लोषात आली ती व्हीलचेअरवर.

उपांत्य सामन्याचंही तसंच. जेमिमा नाबाद 127, माझ्या मते या स्पर्धेतली सर्वोत्तम खेळी. पण 82 वर असताना ऑस्ट्रेलियाच्या हीलीने तिचा झेल सोडला. तो पकडला असता तर 339 चा पाठलाग पुरा झाला असता का? तुम्हीच सांगा.

घामाचा_हिशेब

झेल सुटल्यावर ती आणखी 45 धावा खेळली. जीवदान मिळाल्यावर पुढच्याच षटकात बॅट फिरवून बाद होणारे आपण थोडे पाहिलेत का?

पार्कातले_आजोबा

हे मात्र खरं.

सांगलीची_ऑफस्पिनर

शेफालीचे ते दोन बळी मात्र तुम्ही दोघांनी फार लवकर वाटून टाकलेत. अंतिम सामन्यात आफ्रिकेच्या वोल्व्हार्ट आणि लूस जमल्या होत्या, आणि हरमनप्रीतने चेंडू दिला तो क्वचित गोलंदाजी करणाऱ्या शेफालीला. नंतर तिने सांगितलं की आतून वाटलं म्हणून दिला. शेफालीने आधी लूसला काढलं, मग लगेच काप. हे कुणाच्या खात्यात मांडायचं? शेफालीच्या घामाच्या, तिच्या नशिबाच्या, की कप्तानाच्या निर्णयाच्या? आणि तिथे दोन चौकार गेले असते तर आज याच धाग्यावर हरमनप्रीतची अक्कल काढणाऱ्यांत तुमच्यापैकी पहिला कोण असता?

कट्ट्यावरचा_कीपर

मीच असतो, त्यात शंका नको. पण माझ्या मते चेंडू दीप्तीलाच द्यायला हवा होता.

घामाचा_हिशेब

दीप्तीने पाच काढल्या की हो तशाही!