वृक्षतोडीला परवानगी मिळाली तरी अपिलाची वाट संपेपर्यंत करवत थांबावी का?

पारंबी:
४ ऑक्टोबर २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयाने आरेतल्या मेट्रो कारशेडविरुद्धच्या (गाड्या ठेवायच्या आगाराविरुद्धच्या) याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं पडायला लागली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे'चा आदेश दिला, तोवर २,१४१ झाडं गेली होती. तोडायची परवानगी होती २,१८५ ची. मग त्या आदेशाने वाचलं काय? चुकून पाडलेली भिंत पुन्हा बांधता येते, झाडाचं तसं नाही. म्हणून वरच्या न्यायालयात जाण्यापुरते दिवस तोड आपोआप थांबावी. शनिवार-रविवारी धावाधाव करून स्थगिती मागायची वेळच येऊ नये.

रुळांवरचा:
अर्धीच गोष्ट सांगताय. झाडं तोडायची परवानगी देणाऱ्या वृक्ष प्राधिकरणाचा आदेश १३ सप्टेंबरचा. त्यानंतर थांबायचे पंधरा दिवस २८ ला संपले. मेट्रोवाले तरीही निकालापर्यंत थांबले होते! प्रत्येक पायरीवर आपोआप स्थगिती द्यायची तर काम उभं कधी राहणार? लोकलच्या दारात लटकून जाणाऱ्याने कुठे अपील करायचं?

गुलमोहर७:
आमची अडचण उलटी आहे. सोसायटीतलं झाड बुंध्यात पोकळ झालेलं, तोडायचा अर्ज नामंजूर. कारण काय, तर एक ओळ: 'झाड सुस्थितीत आहे.' पाहणी कोणी केली, कधी केली, काही नाही. अशा आदेशावर अपिलात मांडायचं तरी काय? पावसाळ्यात फांदी पडली, सुदैवाने खाली कोणी नव्हतं. माझ्या मते मुदतीपेक्षा सकारण आदेश आधी हवा. परवानगी देतानाही आणि नाकारतानाही.

पारंबी:
गुलमोहर७, पूर्ण सहमत. धोकादायक झाडाला थांबा नकोच. रुळांवरचा, पंधरा दिवस आदेशानंतरचे होते. मी निकालानंतरच्या दिवसांबद्दल बोलतेय, तिथे एक रात्रही मिळाली नाही. आणि विचारून तोडलं म्हणून मेट्रो अडली का? २०२२ मध्ये ८४ झाडांसाठी सर्वोच्च न्यायालयाची परवानगी घेतली, २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी) गाडी धावली.

रुळांवरचा:
धावली, पण किती वर्षांनी? तरी निकालानंतर ठरावीक दहा दिवस, एकदाच, पुढे वाढ नाही, असं असेल तर माझा विरोध नाही. बेमुदत थांब्याला आहे.

पारंबी:
दहा चालतील. पण निकालाची प्रत हातात पडल्यापासून मोजायचे.