पित्त, पित्त म्हणताना शरीरात नेमके काय घडत असते?

निशिगंध:

नमस्कार. माझी आई ५८ वर्षांची आहे आणि तिला ‘पित्ताचा त्रास’ आहे, हे मी कळू लागल्यापासून ऐकत आले आहे. महिन्यातून चार-पाच वेळा तिचे डोके एका बाजूने ठणकू लागते, उजेड सहन होत नाही, दुपारपर्यंत मळमळ वाढत जाते आणि शेवटी ती मोरीपाशी बसून घशात बोटे घालून उलटी काढते. आधी सकाळचा चहा पडतो, मग नुसते पिवळे, कडू पाणी. ते पडले की ‘पित्त पडले, आता डोके उतरेल’ असे म्हणून ती अंगावर चादर ओढून झोपते आणि संध्याकाळी खरोखरच बरी होते. याशिवाय रात्री आडवे झाल्यावर तिच्या घशाशी आंबट येते आणि छातीत जळजळते.

चार वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली पॅन्टोप्रॅझोल आणि डॉमपेरिडोनची एकत्रित कॅप्सूल ती आजही रोज सकाळी चहानंतर घेते. रिकामे पाकीट दुकानात दाखवायचे आणि नवे आणायचे, असा क्रम पडून गेला आहे. गुडघ्यांसाठी व डोक्यासाठी वेदनाशामक गोळीही त्याच दुकानातून येते. संकष्टी, एकादशी आणि गुरुवार हे उपवास ती सोडत नाही.

माझा प्रश्न असा आहे, की हे पित्त शरीरात कोठे तयार होते, ते ‘वाढते’ म्हणजे काय होते आणि ही कॅप्सूल इतकी वर्षे घेणे योग्य आहे का?

ग्रामवैद्यक:

ताई, मी सातारा जिल्ह्यात ३१ वर्षे जनरल प्रॅक्टिस केली आणि ‘डॉक्टर, पित्त झालंय’ हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा एकही दिवस गेला नसेल. या तक्रारीत निम्मी अडचण शब्दाची आहे. मराठीत पित्त हा एकच शब्द आपण निदान तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो: जठरातले आम्ल, यकृतात तयार होणारा पित्तरस आणि अंगावर उठणाऱ्या गांधी. यांपैकी गांधी हा ॲलर्जीसारखा त्वचेचा विकार असून त्याचा जठरातील आम्लाशी संबंध नाही. आयुर्वेदातील पित्त ही दोषाची व्यापक संकल्पना आहे, ते कोणा एका द्रवाचे नाव नव्हे. तो विषय मी येथे बाजूला ठेवतो.

प्रथम आम्लाविषयी. जठराच्या अस्तरातील विशिष्ट पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल स्रवतात आणि दिवसभरात दीड ते दोन लिटर जठररस तयार होतो. या आम्लामुळे अन्नाबरोबर पोटात गेलेले बरेचसे जंतू मरतात आणि प्रथिने पचवणारे पेप्सिन कामाला लागते. एवढे तीव्र आम्ल जठराला स्वतःला जाळत नाही, कारण अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो, त्या थरात आम्ल निष्प्रभ करणारे बायकार्बोनेट असते आणि अस्तरातील पेशीही काही दिवसांतच बदलल्या जातात. अन्ननलिकेला असे चिलखत नाही. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या या नळीच्या खालच्या टोकाशी स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली, की जठरातील आम्ल वर येते आणि छातीत जळजळते. म्हणजे आपल्या आईंच्या रात्रीच्या त्रासात आम्ल ‘वाढले’ असेलच असे नाही. बहुतेक वेळा ते प्रमाणात असूनही नको त्या जागी पोहोचलेले असते. आडवे झाल्यावर त्रास होतो, ही आपण लिहिलेली गोष्ट याच बाजूला बोट दाखवते.

आता त्या पिवळ्या, कडू पाण्याविषयी. आम्ल आंबट असते. कडू असतो तो पित्तरस. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. दोन जेवणांच्या मध्ये तो पित्ताशयात साठून घट्ट होतो आणि तेल-तूप असलेले अन्न लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरले, की त्याचे बारीक थेंब करण्यासाठी आतड्यात सोडला जातो. जठर रिकामे झाल्यावरही उमाळे येत राहिले, तर आतड्यातला हा रस उलटा जठरात येऊन बाहेर पडतो. तेव्हा पिवळे पाणी पडले याचा अर्थ आजाराचे मूळ बाहेर पडले असा नसून, जठरात बाहेर पडण्यासारखे दुसरे काही उरले नव्हते, एवढाच आहे.

राहिले डोके. एका बाजूने ठणकणे, उजेड नकोसा होणे, मळमळ, उलटी आणि झोपेनंतर उतार हे वर्णन अर्धशिशीचे आहे. अर्धशिशीचा झटका मेंदूत सुरू होतो आणि त्या काळात जठराची हालचाल मंदावते. म्हणून सकाळचा चहा दुपारी जसाच्या तसा पडतो आणि पोटात घेतलेली गोळीही लवकर लागू पडत नाही. पोट बिघडल्यामुळे डोके दुखले असे आपल्याला वाटते, परंतु पोट डोक्यामुळे थांबलेले असते. उपाशी राहणे, जागरण आणि कडक ऊन यांनी अर्धशिशी अनेकांमध्ये चाळवते. माझ्या व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात मी स्वतः अशा कितीतरी बायकांना आम्लाची औषधे देत राहिलो, हे मला आजही सलते. आईंना एखाद्या फिजिशियनकडे नेऊन ‘पित्त’ हा शब्द न वापरता, जे घडते ते क्रमाने सांगावे. बोटे घालून उलटी काढण्याची सवय मात्र आधी थांबवावी. त्याने अन्ननलिकेच्या अस्तराला इजा होते आणि दातांवरचे आवरण झिजते.

रात्रीच्या जळजळीसाठी जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे, डाव्या कुशीवर झोपावे आणि पलंगाचे डोक्याकडचे पाय १५ ते २० सेंटिमीटर उंच करावेत. नुसत्या दोन उशा घेतल्याने पोट दुमडते आणि त्रास उलट वाढू शकतो. आई मशेरी लावत असतील तर तेही मोकळेपणाने सांगावे, कारण तंबाखूने ती झडप सैल पडते. थंड दुधाने घटकाभर बरे वाटते, मात्र दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम थोड्या वेळाने आम्ल स्रवायला चालनाही देतात. खायच्या सोड्याने शरीरात सोडियम जाते. रक्तदाब असणाऱ्यांनी तो टाळावा.

लालपरी:

मी एस.टी.मध्ये कंडक्टर होतो. आपल्या आईंच्या वेदनाशामक गोळ्यांविषयी वाचून राहवले नाही, म्हणून लिहीत आहे. पाठीसाठी मीही अशीच गोळी दोन वर्षे घेतली, तीही बहुधा उपाशीपोटी, डेपोतल्या चहाबरोबर. पोटात वरच्या भागी दुखायचे, खाल्ले की थांबायचे, पहाटे पुन्हा जाग यायची. मी पित्त समजून चघळायच्या गोळ्या खिशात बाळगत असे. एके दिवशी शौचाला डांबरासारखे काळे, चिकट आणि अत्यंत दुर्गंधी असे झाले. आदल्या दिवशी काय खाल्ले, याचाच मी विचार करत बसलो. तिसऱ्या दिवशी गाडीच्या पायरीवर चढताना डोळ्यांसमोर अंधारी आली आणि सहकाऱ्यांनी दवाखान्यात नेले. हिमोग्लोबिन ६.८ भरले. दुर्बिणीच्या तपासणीत जठराच्या पुढच्या वळणावर, लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण सापडला. तेथून हळूहळू रक्त झिरपत होते आणि आम्लामुळे काळे होऊन बाहेर पडत होते.

तेथील डॉक्टरांनी मला दोन कारणे समजावून सांगितली. वेदनाशामक गोळी शरीरात ज्या द्रव्यांची निर्मिती रोखते, त्यांच्यामुळे वेदना व सूज होते हे खरे, पण जठराचा तो श्लेष्माचा थरही त्यांच्याच बळावर टिकतो. त्यामुळे गोळी दुखणे थांबवते आणि चिलखतही काढून घेते. दुसरे कारण होते हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू. व्रण काळजीने आणि तिखटाने होतो, असेच मीही मानत होतो. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी १९८२ मध्ये हा जिवाणू वाढवून दाखवला, तेव्हा आम्लात जिवाणू जगतो यावर अनेकांचा विश्वास बसेना. १९८४ मध्ये मार्शल यांनी त्याचे द्रावण स्वतः प्यायले आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. मला चौदा दिवस प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारे औषध दिले गेले. त्याला आता सात वर्षे झाली, व्रण पुन्हा झालेला नाही. काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणे, वजन उतरणे किंवा पांढुरकेपणा यांपैकी काहीही दिसले, तर कृपया एक दिवसही थांबू नये.

निशिगंध:

दोघांचेही मनापासून आभार. मी आज आईच्या उशाखालची पाकिटे मोजली; वेदनाशामक गोळ्या महिन्याला सोळा-सतरा होतात. मग रोजची कॅप्सूल मी उद्यापासूनच बंद करू का?

औषधनिर्माता:

ताई, असे करू नये. वेदनाशामक गोळ्या चालू असताना आम्लाचे औषध काढून घेतले, तर जठर उघडे पडेल. आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामकाचा प्रश्न सोडवावा. महिन्यातले पंधरा किंवा त्याहून अधिक दिवस त्या घेतल्या जात असतील, तर काही रुग्णांमध्ये त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढते, हेही लक्षात असू द्यावे.

पॅन्टोप्रॅझोल जठरातील आम्ल सोडणाऱ्या सूक्ष्म पंपांना कायमचे चिकटते. शरीर नवे पंप तयार करेपर्यंत आम्ल कमी राहते. हे पंप जेवणाच्या वेळी चालू होतात आणि औषध चालू पंपांनाच धरू शकते, म्हणून ते खाण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यायचे असते. आपल्या आई ते चहानंतर घेतात, म्हणजे चार वर्षांत त्याचा पुरा उपयोगही झालेला नसावा. दीर्घकाळ घेतलेले हे औषध एकाएकी थांबवले, तर काही आठवडे आम्ल नेहमीपेक्षा जास्त सुटते आणि ‘गोळीशिवाय चालतच नाही’ असा समज पक्का होतो. म्हणून बहुधा मात्रा कमी करत थांबवतात. कॅप्सूलमधील डॉमपेरिडोन हे मळमळीवरचे औषध तर थोड्या दिवसांपुरते द्यायचे आहे, कारण त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. त्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. दुकानाच्या काउंटरमागे मीही उभा राहतो, आणि रिकामे पाकीट पाहून चार वर्षे औषध दिले जाणे ही आमच्या व्यवसायाची चूक आहे, असे मला स्पष्ट वाटते.

आणखी एक विचारतो. आई शाकाहारी आहेत का, आणि त्यांच्या हातापायांना मुंग्या येतात का? अन्नातील बी-१२ जीवनसत्त्व प्रथिनांपासून सुटे करायला आम्ल लागते. वर्षानुवर्षे आम्ल दाबून ठेवले, तर हे जीवनसत्त्व कमी पडू शकते आणि शाकाहारात ते मुळातच कमी असते.

कृष्णाकाठ:

एक छोटी भर. छातीतली जळजळ चालताना किंवा जिना चढताना येत असेल, घाम फुटत असेल, जबड्यात वा डाव्या हातात कळ जात असेल, तर ती पोटाची समजू नये. माझे सासरे रात्रभर ओवा आणि सोडा घेत बसले. तो हृदयविकाराचा झटका होता, हे सकाळी ईसीजी काढल्यावर समजले. ते वाचले, परंतु वेळ गेला तो गेलाच.

निशिगंध:

काल आईला फिजिशियनकडे नेऊन आणले. मुंग्या येतात, हे तिने तेथे प्रथमच सांगितले. आम्हाला घरात कधी बोलली नव्हती. बी-१२ कमी निघाले असून इंजेक्शने सुरू झाली आहेत, ईसीजी व्यवस्थित आहे आणि हिमोग्लोबिन १०.४ आहे. डोक्याचे निदान अर्धशिशी असेच झाले, त्यासाठी वेगळे औषध मिळाले. गुडघ्यांवर आता मलम आणि व्यायाम आहे, वेदनाशामक गोळी पूर्ण बंद. त्या जिवाणूसाठी शौचाची तपासणी करायची आहे, पण आम्लाचे औषध चालू असताना ती चुकीची नकारात्मक येऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी मात्रा उतरवत औषध थांबवून त्यानंतर दोन आठवड्यांनी नमुना द्यायला सांगितले आहे. डॉमपेरिडोन त्यांनी लगेच काढले.

मी मागच्या तीन महिन्यांच्या कॅलेंडरवर आईकडून आठवेल तसे डोकेदुखीचे दिवस खुणावून घेतले. तेरा खुणांपैकी नऊ उपवासाच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आल्या. आई बराच वेळ ते पान बघत होती. उपवास सोडणार नाही म्हणाली, पण सकाळी वरई आणि ताक घेईन, रात्रीपर्यंत कोरडी राहणार नाही, एवढे तिने कबूल केले आहे. तपासणीचा निकाल आला की येथे कळवीन.