मदत हवी आहे: ऑफिसचं नेटवर्क मधूनच रांगतं, दोषी पोर्ट कसा शोधायचा?

वडोदऱ्यात दांडिया बाजारातलं ऑफिस. 11 पीसी, प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, सगळं 16 पोर्टच्या साध्या गिगाबिट स्विचवर. टॅलीचा डेटा एका पीसीवर शेअर केलेला. दिवसात कधीही पाच-दहा मिनिटं सगळं रांगतं, मग आपोआप सुरळीत. त्या वेळी टॅलीच्या पीसीला पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) 1 मिलिसेकंदावरून थेट 300-400 वर, मधे टाइमआउट. राउटर काढून ठेवला तरी तेच, तेव्हा इंटरनेटवाल्याला दोष देऊ नका.

स्विच आणि मुख्य केबली बदलल्या. लूप (वायर फिरून त्याच नेटवर्कला लागणं) नाही, वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची वाहतूक टिपणारं सॉफ्टवेअर) ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम जाणारे संदेश) नेहमीएवढेच. टॅलीच्या पीसीची डिस्क, सीपीयू निवांत.

संशय पॉज फ्रेमचा ('जरा थांब, पाठवू नकोस' असं समोरच्याला सांगणारे संदेश) आहे: एखादं हँग झालेलं किंवा स्लीपमधलं लॅनकार्ड त्या सोडत बसलं की साधा स्विच सगळ्यांनाच थोपवतो. पंचाईत अशी की वायरशार्कला त्या सहसा दिसत नाहीत, कार्डच गिळून टाकतं. आणि रिटर्न भरायच्या दिवसांत कामाच्या वेळी एकेक वायर उपसू देणार कोण?

पीसींवर फ्लो कंट्रोल (पॉज फ्रेम पाठवण्या-पाळण्याची सोय) बंद करता येईल, पण प्रिंटर आणि डीव्हीआरवर तो पर्यायच नाही. मग तेवढ्याने भागेल का? की पोर्टनिहाय पॉज फ्रेम मोजणारा स्मार्ट स्विचच घ्यावा, आणि चार-पाच हजारांत असा कुठला मिळेल?