वारसनोंदीनंतर पीएम किसान अडकलंय, मदत हवी आहे

वडिलांच्या पश्चात वारस फेरफार मंजूर झाला. सातबाऱ्यावर आता आई, मी आणि धाकटा भाऊ, खातं सामाईक. वडिलांचा हप्ता रीतसर बंद केला, आईच्या नावाने नवीन नोंदणी केली. पण स्टेटसमध्ये 'लँड सीडिंग : नो', म्हणजे जमिनीची नोंद अर्जाला जोडलेली नाही. साहजिकच पीएम किसानच्या यादीवरच मिळणारे राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे २००० पण नाहीत.

ई-केवायसी झालीय, आधार बँकेला जोडलंय, डीबीटी चालू आहे (अतिवृष्टीचं अनुदान त्याच खात्यात आलं), फार्मर आयडीही निघालाय. घरात कोणी आयकर भरत नाही, सरकारी नोकरी-पेन्शन नाही. त्यामुळे 'केवायसी बघा' सोडून सांगा.

१ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन चालत नाही, वारसाने आलेली चालते, हा नियम माहीत आहे. फेरफारात 'वारस' स्पष्ट लिहिलंय. तरी तलाठी म्हणतात कृषी कार्यालयात जा, तिथले म्हणतात तहसीलला. नेहमीचंच.

ज्यांचं वारसनोंदीनंतर सुरू झालं त्यांनी सांगा: लँड सीडिंग नक्की कोणाच्या लॉगिनवरून दुरुस्त होतं? फेरफार आणि मृत्यू दाखल्याशिवाय आणखी काय जोडलंत? आणि भाऊ सज्ञान, लग्न झालेला आहे. त्याने आत्ताच वेगळा अर्ज केला तर आईचा अडकेल का?